मसूरच्या स्टेशनावरचं दुप्पट भाडं



गेल्या महिन्यात सांगलीत मी डॉ. आंबेडकरांच्या अर्थशास्त्रावर बोललो. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एक तरुण उभा राहिला. म्हणाला, ‘‘सर, तुम्ही सांगितलेलं सगळं पटलं. पण आज पैसे मोजले की जात कोण विचारतो? हॉटेलात विचारत नाहीत, एसटीत विचारत नाहीत. तुम्ही म्हणता ते बाजारानं आधीच निम्मं संपवलंय. उरलेलंही तोच संपवेल. मग वेगळं काही करायची गरज काय?’’

प्रश्न प्रामाणिक होता. मी उत्तर दिलं, पण ते पुस्तकी झालं, हे देताना माझं मलाच कळत होतं. दुसऱ्या दिवशी रेल्वेनं साताऱ्याकडे निघालो. कराड मागं पडलं आणि थोड्या वेळानं खिडकीतून मसूरची पाटी दिसली. तेव्हा वाटलं, अरे, त्या मुलाचं उत्तर या स्टेशनावर होतं आणि आपण ते सांगलीत शोधत बसलो! आज ती दुरुस्ती करतो. साताऱ्यात करतो हेही बरं, कारण गोष्ट इथूनच सुरू होते.

आपल्यापैकी बहुतेकांना प्रसंग ऐकून माहीत असेल. तरी तपशिलानं सांगतो, कारण सगळं तपशिलात आहे. बाबासाहेबांनी तो ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मपर लेखनात लिहून ठेवला. त्यांच्या हयातीत हे लेखन प्रसिद्ध झालं नाही. पुस्तिका निघाली ती 1990 साली.

साल 1901. छोटा भीमराव आदल्या वर्षी, 7 नोव्हेंबर 1900 रोजी, इथल्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत दाखल झालेला. ती आजची प्रतापसिंह हायस्कूल. आई वारलेली. वडील खटाव तालुक्यात खजिनदार म्हणून नोकरीला. दुष्काळात माणसं मरत होती म्हणून सरकारनं तलाव खोदायचं काम काढलं होतं, त्या कामावर. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांनी मुलांना बोलावलं. भीमराव, त्याचा भाऊ आणि वारलेल्या मोठ्या बहिणीची दोन मुलं निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. साताऱ्याहून दहा मैलांवरच्या स्टेशनावर गाडीत बसली आणि संध्याकाळी पाचला मसूरला उतरली. न्यायला कोणी आलं नव्हतं. पत्र वडिलांना मिळालंच नव्हतं, हे नंतर कळलं.

स्टेशनमास्तर आला. मुलं चांगल्या घरची दिसली म्हणून आपुलकीनं चौकशी केली. कोण तुम्ही? मुलानं खरं ते सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तरचा चेहरा उतरला आणि तो आत निघून गेला. अर्ध्या तासानं परत आला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या भरपूर होत्या. पण मुलाचं उत्तर तोवर गाडीवानांपर्यंत पोचलं होतं. एकही गाडीवान तयार होईना. मुलांनी दुप्पट भाडं देऊ केलं, तरी होईना.

इथं जरा थांबू. त्या वर्षांत खटाव-माणचा भाग होरपळलेला होता. अशा काळात भाड्यानं गाडी हाकणारा माणूस काही श्रीमंत नसतो. समोर दुप्पट भाडं उभं आहे. गाडी रिकामी आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकाप्रमाणे सौदा व्हायलाच हवा. तो होत नाही.

मग मास्तरनं तोडगा काढला. तुम्हाला गाडी हाकता येते का? येते. मग ठरलं असं, की भाडं दुप्पट द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं पायी चालेल. एक जण तयार झाला. भाडंही मिळालं आणि बाटण्याचीही भीती नाही. आता हिशेब बघा. गिऱ्हाइकानं किंमत दुप्पट मोजली आणि सेवा निम्मीच घेतली, कारण हाकायचं कामही त्याच्याच अंगावर आलं. राहिलेले पैसे कशाचे? ते जातीचे. साताऱ्याच्या मुलखात जातीची रोख किंमत इतक्या स्वच्छ आकड्यात मांडलेली मला तरी दुसरीकडे आढळलेली नाही.

पण खरी गंमत, गंमत कसली, खरं कोडं पुढं आहे. मुलं निघाली. वाटेत जेवायला बसली तर पाणी गढूळ, घाण. जेवण तसंच राहिलं. गाडीवान जवळच्या गावात जेवून आला. चार-पाच मैल मुलं हाकत होती, तो चालत होता. अंधार पडला. आणि एकदम हा माणूस उडी मारून गाडीत चढला आणि मुलांच्या हातातून कासरा आपल्या हातात घेतला. त्यांच्याच शेजारी बसून गाडी हाकू लागला! बाबासाहेब लिहितात, त्याचं आश्चर्य वाटलं, पण विचारायचा धीर झाला नाही. पुढं टोलनाक्यावर पाणी मागायची वेळ आली, तेव्हा ‘मुसलमान आहोत म्हणून सांग’ हा सल्लाही याच गाडीवानानं दिला. त्यानंही पाणी मिळालं नाही, हा भाग वेगळा.

आता विचारा, संध्याकाळी साडेसहाला जो विटाळ होता तो रात्री कुठं गेला? मुलं तीच. गाडी तीच. गाडीवान तोच. बदललं एवढंच, की बघणारं कोणी उरलं नव्हतं.

दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांची मदत घेतो. दोघेही नोबेलचे मानकरी. गॅरी बेकर यांनी 1957 साली भेदभावाच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: काही माणसांना विशिष्ट लोकांचा संपर्क नको असतो, ती त्यांची आवडनिवड असते आणि त्यासाठी ती पदरमोड करायला तयार असतात. यातून एक आशा निघते. पदरमोड करणारा स्पर्धेत मागं पडेल, न करणारा पुढं जाईल आणि बाजार हळूहळू भेदभाव धुऊन काढेल. सांगलीच्या त्या तरुणाचं म्हणणं नेमकं हेच होतं. त्यानं बेकर वाचला नसेल, पण विचार तोच.

मसूरचा गाडीवान या मांडणीत बसत नाही. ती त्याची आवडनिवड असती तर अंधारातही राहिली असती. ज्याला कारल्याची भाजी आवडत नाही, त्याला ती दिवा मालवल्यावरही आवडत नाही! जॉर्ज अकरलॉफ यांनी 1976 साली जातीवर एक लेख लिहिला, तो इथं जास्त उपयोगी पडतो. ते म्हणतात, जातीचा नियम टिकायला कोणाच्या मनात द्वेष असावाच लागतो असं नाही. नियम मोडणाऱ्याला बाकीचे वाळीत टाकतील एवढी प्रत्येकाची खात्री असली की पुरे. मग प्रत्येक जण इतरांच्या भीतीनं नियम पाळतो आणि त्याचं पाळणं बघून इतरांची भीती पक्की होते. स्टेशनावर त्या गाडीवानाला दुप्पट भाडं दिसत होतं, आणि शेजारचे गाडीवानही दिसत होते. उद्या गावात कळलं तर? मुलीची सोयरीक, अडीनडीची उसनवारी, पंगतीतलं पान, सगळं त्या एका फेरीवर डावाला लागणार. भाडं एका दिवसाचं, वाळीत मात्र जन्मभराचं. त्याचा नकार हिशेबात चुकलेला नव्हता. म्हणूनच तो भयंकर आहे.

बाबासाहेबांना हे सुचलं नव्हतं का? अर्धं सुचलं होतं. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात जातींच्या उगमावर निबंध वाचताना त्यांनी सांगितलं, की जात कोणा एका स्मृतिकारानं लादली नाही. एका वर्गानं दारं लावून घेतली आणि बाकीच्यांनी अनुकरण केलं. माणसं एकमेकांकडे बघून जात पाळतात, हे त्यात आहेच. ते शिकले जॉन ड्यूईंच्या हाताखाली. माणसाचं वागणं हे समाजानं लावलेल्या सवयींतून घडतं, हा विचार त्या वर्गात हवेतच होता.

आता मी ज्यासाठी उभा आहे, त्या टीकेकडे येतो. टीका आदरानं करतोय, पण करतोय.

1918 साली बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर दीर्घ लेख लिहिला. तेव्हा कीटिंगसारखे अधिकारी आणि बडोदा सरकारची समिती म्हणत होती, तुकडे एकत्र करा, धारणक्षेत्र वाढवा, शेती सुधारेल. बाबासाहेबांनी मुळालाच हात घातला. जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही. तिच्यावर किती भांडवल, किती अवजारं, किती बैल आणि किती माणसं आहेत त्या प्रमाणावर ठरतं. आपल्याकडे माणसं जास्त आणि भांडवल कमी. जी माणसं शेतावर रिकामी बसून खातात, ती उत्पादनात भर घालत नाहीत. तुकडे जोडून हे सुटणार नाही, माणसं शेतीतून बाहेर काढावी लागतील. उपाय एकच, औद्योगिकीकरण. सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा हा लेख आजही ताजा वाटतो. आपल्याकडच्या एकत्रीकरणाच्या नोंदी आणि त्यावरून चाललेले दावे ज्यांनी पाहिलेत, त्यांना तर जास्तच.

पण हा लेख मसूरच्या स्टेशनावर उभं राहून वाचा. त्यातल्या जास्तीच्या श्रमिकाला आडनावच नाही! तो शेतीतून उठतो आणि कारखान्यात जातो. वाटेत गाडी कोण देणार, खोली कोण देणार, कारखान्यात कुठल्या खात्यात घेणार, हे प्रश्नच येत नाहीत. आणि लक्षात घ्या, त्याच्या आदल्याच वर्षी, 1917 साली, लेखक स्वतः बडोद्याला नोकरीवर रुजू झाले होते. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या उतारवस्तीत राहिले. रोजचे पैसे मोजत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दारात आले आणि त्यांना जागा सोडावी लागली. दोन मित्रांनी अडचण सांगितली, अन् पाच तास एका बागेत बसून त्यांनी बडोदा सोडलं. त्याच बडोद्याच्या जमीन समितीचा अहवाल ते पुढच्या वर्षी तपासतात आणि या प्रकाराची सावलीसुद्धा लेखावर पडत नाही.

मी हा लेख अनेक वर्षं शिकवला आणि हे मला फार उशिरा दिसलं. असं का झालं असावं? माझा अंदाज सांगतो. जो माणूस प्रत्येक दारात ‘कोण तुम्ही?’ या प्रश्नाला तोंड देत होता, त्याला निदान विद्वानांच्या नियतकालिकात नुसता अर्थतज्ज्ञ म्हणून उभं राहायचं असेल. तो त्याचा हक्क होता. पण त्याची किंमत सिद्धांतानं मोजली. जगातला सर्वात मोलाचा पुरावा लेखकाच्या खिशात होता आणि तो त्यानं टेबलावर ठेवला नाही.

हा पुरावा नसल्यानं काय राहून गेलं, ते आपल्याच जिल्ह्यांत दिसतं. तेव्हा सातारा-सांगली एकच जिल्हा. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि पुढं त्याचं नाव सांगली झालं. माण-खटावपासून खानापूर-आटपाडीपर्यंतच्या कोरडवाहू पट्ट्यातली माणसं खरोखरच शेतीतून उठली. कोणी मुंबईच्या गिरणीत गेलं. कोणी सोन्या-चांदीच्या गलाईत. विट्याकडचे गलाईवाले आज केरळपासून दिल्लीपर्यंत सापडतात. त्यांच्या कष्टाला तोड नाही. पण ते गेले कसे? पावणा पावण्याला घेऊन गेला. दुकानात राहणं, मालकाच्या घरी जेवणं, हातात सोनं देण्याइतका विश्वास, हे सगळं सोयरिकीच्या धाग्यावर चाललं. ज्याला असा पावणा नाही, त्याची ‘जास्तीची श्रमशक्ती’ आटपाडीतच राहिली. गिरणीतही तेच. सूत बदलताना धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. म्हणजे दहा वर्षांनी त्यांनी स्वतःच 1918 च्या लेखातला खड्डा भरायला घेतला.

त्याच 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक आणलं. वतन म्हणजे जमिनीचा एक तुकडा आणि थोडं बलुतं. बदल्यात सरकारचं आणि गावाचं वाटेल ते काम, वाटेल त्या वेळी, घरातल्या वाटेल त्या माणसानं. हाही लहान जमिनीचाच प्रश्न होता! पण हा तुकडा माणसाला पोसण्यापेक्षा बांधून ठेवत होता. त्याच्या आशेवर माणूस गाव सोडत नव्हता आणि मजुरीचा भाव कधी बोलू शकत नव्हता. ही वतनं कायद्यानं संपली ती 1958 साली, बाबासाहेब गेल्यानंतर.

सिद्धांत पुरा जुळला तो 1936 साली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि तिथं होऊ न शकलेलं ते भाषण त्यांनी स्वतः छापलं. त्यात ते दाखवतात, की जातीला श्रमविभागणी म्हणणं चूक आहे. ती कष्टकऱ्यांचीच विभागणी करते, आणि तीही वर-खाली रचून. एका धंद्यातून दुसऱ्यात जायची मोकळीक नसल्यानं बेकारी जातीतूनच तयार होते. 1918 चा श्रमिक आणि मसूरचा मुलगा इथं पहिल्यांदा एका पानावर भेटतात. यायला अठरा वर्षं लागली.

तरी माझी एक तक्रार उरते. उद्योग आले की बंध सैल होतील, ही त्यांची आशा शेवटपर्यंत बरीचशी टिकून होती. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर मोठा उद्योग आला तो साखरेचा. सहकारी कारखान्यांनी या दोन जिल्ह्यांचं रूप पालटलं, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला जमीन आणि पाणी लागतं. शेतीतून जास्तीची माणसं बाहेर काढणारा उद्योग पाहिजे होता आणि आला तो जमिनीलाच घट्ट चिकटलेला उद्योग. ज्याच्याकडे जमीन नव्हती, तो त्यात कामगार झाला असेल किंवा तोडणीला आला असेल. मालक होणं अवघड होतं. ज्या मुकादमाकडून उचल घेऊन कोयता दरवर्षी फडात येतो, त्या माणसाला भाव बोलता येतो का, हा प्रश्न वतनाच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. उद्योग आपोआप काही सोडवत नाही. तो कोणाच्या हातात आहे आणि त्याचं दार कोणाला उघडं आहे, हे दर वेळी विचारावं लागतं.

आता शेवटचं. मसूरच्या गोष्टीत आपण सगळे गाडीवानाकडे बघतो. मला हल्ली स्टेशनमास्तर जास्त दिसतो. तो वाईट माणूस नव्हता. त्याला मुलांची काळजी होती, त्यानंच मार्ग काढला. पण मार्ग असा काढला, की नियमाला कुठं धक्का लागू नये आणि बिल मुलांनी भरावं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा एक हुशार विद्यार्थी खोली शोधत होता. एका घरमालकांना मी ओळखत होतो, म्हणून चिठ्ठी दिली. भाडं ते म्हणतील ते द्यायला मुलगा तयार होता. त्यांनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग म्हणाले, खोली भावासाठी ठेवलीय. संध्याकाळी मला भेटले तेव्हा हळूच म्हणाले, ‘‘सर, माझं काही नाही हो. पण आळीतले लोक…’’ मी काय केलं? मी समजून घेतलं. दुसऱ्या वस्तीत, लांब, जास्त भाड्यानं त्या मुलाची सोय करून दिली आणि आपण मदत केली या समाधानात झोपलो. तो मुलगा दोन वर्षं रोज सायकलनं येत राहिला. ‘माझं काही नाही’ हे त्या मालकांचं म्हणणं खरंही असेल. अंधारात गाडीत चढणारा गाडीवान हेच म्हणाला असता. पण उजेडात, त्यांच्या आळीत जाऊन चार लोकांसमोर बोलायचं काम माझं होतं. मी प्राध्यापक होतो, माझं ऐकलं असतं. मी स्टेशनमास्तर झालो.

तर सांगलीच्या त्या मित्राला माझं उत्तर असं. जिथं कोणी कोणाला ओळखत नाही, तिथं पैसा जातीवर मात करतो, हे तुझं खरं आहे. हॉटेल आणि एसटी म्हणजे रात्रीचा रस्ता. पण खोली, सोयरीक, भागीदारी, पहिली नोकरी आणि गावच्या पाण्याची पाळी हे सगळं अजून संध्याकाळच्या स्टेशनावर चालतं. तिथं शेजारी उभा असतो आणि बघत असतो. तिथं दुप्पट भाडं आजही अपुरं पडतं. तिथला भाव पैशानं उतरत नाही. चार बघणाऱ्यांतला एक जण ‘बस रे पोरा गाडीत’ असं मोठ्यानं म्हणतो, तेव्हा उतरायला लागतो. त्या दिवशी मसूरला गाडीवान भरपूर होते. असं म्हणणारा एकही निघाला नाही.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा. या वेळी पुस्तकी उत्तर देणार नाही.